सिव्हिअर फ्लूमधे अँटीव्हायरलला इम्युन औषधाची जोड: कधी, कशी, आणि बऱ्याचदा का नाही

रात्री दोन वाजता येणारा फोन साधारण असा असतो. "सर, फ्लूचा पेशंट आहे, ऑक्सिजन वाढवत चाललोय, सीआरपी (सूज मोजणारी रक्ततपासणी) भरपूर वाढलाय, एक्सरे दोन्ही बाजूंनी पांढरा झालाय, डेक्सा सुरू करू का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, ओसेल्टामिवीरचा पहिला डोस किती वाजता गेला? आणि दहातल्या तीन-चार वेळा उत्तर येतं, "अजून नाही सर, पीसीआरचा रिपोर्ट यायचाय."

म्हणजे व्हायरस मारायचं औषध (ओसेल्टामिवीर) रिपोर्टची वाट बघत थांबलंय आणि शरीराची त्याच्याशी लढायची ताकद कमी करणारं औषध (डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड) मात्र हातात तयार आहे. हा क्रम उलटा आहे आणि हा लेख मुख्यतः तो क्रम सरळ करण्यासाठीच लिहितोय. ज्युनियर डॉक्टर, आयसीयूतले सिस्टर-ब्रदर आणि ज्यांचं माणूस आत अ‍ॅडमिट आहे असे नातेवाईक, तिघांनाही समजेल असा प्रयत्न करतो. आणि हे आधीच सांगून ठेवतो, हे वाचून घरी तापात कोणी डेक्सामेथासोन घेऊ नका, इथलं सगळं अ‍ॅडमिट पेशंटबद्दल आहे.

कोव्हिडची सवय इथे का चालत नाही

२०२० मधे रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की कोव्हिडमधे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना डेक्सामेथासोन ६ एमजी रोज, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर मृत्यू बरेच कमी होतात, ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्के. त्या वर्षांत आपल्या सगळ्यांच्या हाताला एक सवय लागली, व्हायरल न्यूमोनिया दिसला की डेक्सा. पण कोव्हिडमधे फुफ्फुस बिघडतं ते बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, तोपर्यंत व्हायरस उतरणीला लागलेला असतो आणि नुकसान जास्त करून इम्युन सिस्टीम करत असते. फ्लूचं गणित वेगळं आहे. पेशंट तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशीच धाडकन खाली येतो आणि त्या वेळी खालच्या श्वसनमार्गात व्हायरस जोरात वाढत असतो, नाकातला नमुना निगेटिव्ह आला तरी श्वासाच्या नळीतून काढलेल्या कफात सापडतो. अशा वेळी स्टेरॉईड दिलं की व्हायरस जास्त दिवस टिकतो, हे एच७एन९ (एक बर्ड फ्लू) च्या पेशंटमधे आणि साध्या सीझनल फ्लूमधेही दिसलेलं आहे.

दुसरी गोष्ट, सायटोकाईन स्टॉर्म (इम्युन सिस्टीमच्या सूज वाढवणाऱ्या रसायनांचा भडिमार) हा शब्द आपण असा वापरतो की जणू तो व्हायरसपासून वेगळा काहीतरी स्वतंत्र आजार आहे. २००६ मधे व्हिएतनाममधल्या एच५एन१ (बर्ड फ्लू) पेशंटवरचं काम प्रसिद्ध झालं, त्यात ज्यांच्या घशात व्हायरस सगळ्यात जास्त त्यांच्याच रक्तात सायटोकाईन सगळ्यात जास्त होते, दोन्ही बरोबरीने वर. म्हणजे व्हायरसचा लोड खाली आणणं हेच पहिलं अँटी-इन्फ्लमेटरी औषध आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप जागेवर येतात.

पायरी १: फ्लू आहे का, आणि खरंच सिव्हिअर आहे का

हवेवर ऑक्सिजन ९० च्या खाली, श्वास मिनिटाला ३० च्या वर, बीपी पडतंय, पेशंट गुंगीत आहे, यातलं काहीही असेल तर सिव्हिअर धरा. सीझन असेल आणि ताप-खोकल्याबरोबर हे असेल तर फ्लू धरूनच चाला, सिद्ध नंतर करा. रॅपिड अँटीजेन टेस्टवर विसंबू नका, तिची सेन्सिटिव्हिटी साधारण ५० ते ७० टक्के, म्हणजे निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं म्हणता येत नाही. पीसीआर पाठवा. पेशंट ट्यूबवर (व्हेंटिलेटरच्या श्वासनळीवर) असेल तर ट्यूबमधून सक्शन केलेला नमुनाही पाठवा, फक्त नाकातला पाठवून मोकळे होऊ नका.

पायरी २: अँटीव्हायरल, आत्ता, या तासात

ओसेल्टामिवीर ७५ एमजी दिवसातून दोनदा, मोठ्या माणसांसाठी. गोळी गिळता येत नसेल तर राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्या, आयसीयूतल्या गंभीर पेशंटमधेसुद्धा पोटातून ते व्यवस्थित शोषलं जातं, हे अभ्यासून झालंय. फक्त ट्यूब जागेवर आहे ना आणि पेशंटचं पोट चालतंय ना ते बघा, दर चार तासाला भरपूर अ‍ॅस्पिरेट येत असेल तर औषध पोटातच पडून राहतंय असं समजा आणि शिरेतून जाणाऱ्या पेरामिवीरचा विचार करा.

"४८ तास उलटून गेले, आता काय उपयोग" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग यायचाही बंद झालाय. ४८ तासांची अट आली ती ओपीडीतल्या तब्येतीने ठीक असलेल्या लोकांच्या ट्रायलमधून. अ‍ॅडमिट पेशंटचा सगळ्यात मोठा डेटा २००९ च्या पँडेमिकचा आहे, २९,००० हून जास्त पेशंट, २०१४ मधे प्रसिद्ध झाला, त्यात औषध मिळालेल्यांमधे मृत्यूचा धोका कमी होता आणि लवकर मिळालेल्यांमधे उशिरा मिळालेल्यांपेक्षा जवळपास अर्धा. हे ऑब्झर्व्हेशनल (चिठ्ठी टाकून औषध न वाटता, नुसतं बघून केलेलं) आहे, मान्य, पुरावा काही दगडावरची रेघ नाही. म्हणून लवकर द्या, पण उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका.

किडनी बघा. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० ते ६० असेल तर ३० एमजी दोनदा, १० ते ३० असेल तर ३० एमजी एकदा, हिमोडायलिसिस चालू असेल तर प्रत्येक डायलिसिसनंतर ३० एमजी. पहिल्या डोसला मात्र किडनीच्या हिशोबात तासभर घालवू नका.

डबल डोस देऊ नका. १५० एमजी दोनदा देऊन बघितलंय, आग्नेय आशियात, ३०० च्या वर अ‍ॅडमिट पेशंट होते, २०१३ मधे निकाल आला, काही फायदा नाही. पाच दिवस हा ठरलेला कोर्स, पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट किंवा ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे त्याला बरेचजण दहा दिवसांपर्यंत नेतात आणि मीही नेतो, विशेषतः सोबत स्टेरॉईड चालू असेल तर.

आता दोन अँटीव्हायरल जोडायची का? ओसेल्टामिवीर आणि झानामिवीर एकत्र देऊ नका, दोन्ही व्हायरसच्या त्याच एन्झाइमवर, न्यूरामिनिडेजवर काम करतात, आणि २०१० मधे फ्रान्समधून आलेल्या ट्रायलमधे ही जोडी एकट्या ओसेल्टामिवीरपेक्षा कमी पडली होती. बॅलोक्साव्हिर मात्र वेगळ्या जागी काम करतं, व्हायरसच्या पॉलिमरेजमधला पीए नावाचा भाग अडवतं, म्हणून जोडी कागदावर छान दिसते. फ्लॅगस्टोन ट्रायलमधे अ‍ॅडमिट पेशंटना नेहमीच्या औषधासोबत बॅलोक्साव्हिर दिलं, २०२२ मधे निकाल आला. व्हायरस थांबायला ६३.७ ऐवजी २३.९ तास लागले, भारीच की! पण पेशंट बरा व्हायला लागलेला वेळ? ९७.५ तास विरुद्ध १००.२ तास. म्हणजे जवळपास तेवढाच. यातून मी घेतो ते एवढंच की ही जोडी सगळ्यांसाठी नाही, पण ट्रान्सप्लांटचा किंवा केमो चालू असलेला पेशंट, ज्याच्यात व्हायरस आठवडेच्या आठवडे राहतो आणि रेझिस्टन्स तयार होतो, किंवा ज्याला नाईलाजाने जोरदार इम्युन औषध द्यायचंच आहे, त्याच्यासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे. बॅलोक्साव्हिर दूध, कॅल्शियम, लोह, झिंक, अँटासिड यांच्याबरोबर देऊ नका, औषध बांधलं जातं आणि रक्तात कमी पोचतं. ट्यूब फीड चालू असेल तर हे हमखास विसरलं जातं.

एक धोक्याची सूचना. झानामिवीरची इन्हेलरची पावडर पाण्यात विरघळवून नेब्युलायझरने किंवा व्हेंटिलेटर सर्किटमधून कधीही देऊ नका, त्यात लॅक्टोज असतं, ते सर्किट चिकटवून बंद पाडतं, २००९ मधे असा एक मृत्यू झालाय. अस्थमा-सीओपीडीवाल्याला तर ती पावडर नकोच.

आणि पेशंट ओसेल्टामिवीरवर असून पाच-सात दिवसांनीही व्हायरस तसाच सापडतोय, विशेषतः एच१एन१ आहे आणि प्रतिकारशक्ती कमी आहे, तर एच२७५वाय म्यूटेशनचा संशय घ्या. त्यात ओसेल्टामिवीर आणि पेरामिवीर दोन्ही पडतात, झानामिवीर चालतं, आणि ट्यूबवर असेल तर झानामिवीरचं शिरेतून द्यायचं रूप मिळतंय का बघायचं.

पायरी ३: खालावतोय तो नक्की कशाने, हे शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. अँटीव्हायरल सुरू केलं, तरी ऑक्सिजन वाढतोय, लगेच "स्टॉर्म" म्हणून मोकळे. थांबा. फ्लूच्या पेशंटचा ऑक्सिजन वाढायला इम्युन सिस्टीमशिवाय निदान चार-पाच कारणं आहेत आणि त्यातल्या दोघांना स्टेरॉईड म्हणजे खतपाणी आहे.

पहिलं बॅक्टेरिया. १९१८ च्या पँडेमिकमधले बहुतेक मृत्यू फ्लूनंतरच्या बॅक्टेरियल न्यूमोनियाने झाले होते असं जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांवरून दिसतं. आजही स्टॅफ ऑरियस, न्यूमोकोकस, ग्रुप ए स्ट्रेप हेच त्रिकूट. एकदा बरा वाटून परत ताप चढला, कफ घट्ट-पिवळा किंवा रक्ताचा झाला, एक्सरेत एका जागी दाट डाग किंवा पोकळी दिसली, पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या किंवा एकदम तळाला गेल्या, तर कल्चर पाठवून अँटिबायोटिक सुरू करा आणि एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ) झाकला जातोय ना ते बघा. प्रोकॅल्सिटोनिन (बॅक्टेरियाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी असेल तर थोडा धीर येतो, पण फक्त त्याच्यावर अँटिबायोटिक नाकारू नका.

दुसरं बुरशी. हे आपल्याकडे सुचतच नाही पटकन. बेल्जियम-नेदरलँड्समधल्या आयसीयूंचा डेटा २०१८ मधे आला, ४३२ फ्लूचे पेशंट, त्यातल्या १९ टक्क्यांना अ‍ॅस्परजिलस फुफ्फुसात. ज्यांना बुरशी झाली त्यांच्यातले ५१ टक्के ९० दिवसांत गेले, नाही झाली त्यांच्यातले २८ टक्के. आणि स्टेरॉईड घेणं हा त्यात धोका वाढवणारा घटक निघाला. यातले बरेच पेशंट आधी धडधाकट होते, म्हणजे "याला डायबिटीस नाही, ट्रान्सप्लांट नाही, बुरशी कशी होईल" हा युक्तिवाद चालत नाही. ब्रॉन्कोस्कोपी करून लॅव्हाजमधलं (फुफ्फुस धुतलेल्या पाण्यातलं) गॅलॅक्टोमॅनन (बुरशीची खूण) पाठवणं ही खरी टेस्ट, रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

बाकीची कारणं पटकन: सलाईन जास्त झालं, हार्टच सुजलं (फ्लूमधे मायोकार्डायटिस होतो, एकदा ट्रोपोनिन आणि इको करा), फुफ्फुसात क्लॉट गेला, किंवा व्हेंटिलेटरचं सेटिंगच फुफ्फुसाला मारतंय. शेवटच्यासाठी औषध नाही लागत, टायडल व्हॉल्युम (एका श्वासाची हवा) आदर्श वजनाच्या किलोला ६ मिली आणि गरज पडली तर रोज १६ तास पालथं झोपवणं, याने जेवढे जीव वाचतात तेवढे कुठल्याही इम्युन औषधाने फ्लूमधे वाचल्याचं दिसलेलं नाही.

याच वेळी पुढची तयारी म्हणून शुगर, हिपॅटायटिस बी, लिव्हर, लिम्फोसाइट काउंट, फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर करून ठेवा, जुना टीबी आहे का विचारा. नंतर औषध दिल्यावर हे आकडे हलतात आणि मग मूळ काय होतं कोणालाच सांगता येत नाही.

पायरी ४: स्टेरॉईड द्यायचं तर कारणाचं नाव घ्या

माझा नियम साधा आहे. फाईलमधे "स्टेरॉईड सुरू, कारण: ____" ही ओळ लिहायची आणि त्या रिकाम्या जागेत एखाद्या आजाराचं नाव आलं पाहिजे. "सीआरपी वाढला", "एक्सरे खराब", "ताप उतरत नाही" ही नावं नाहीत.

चालणारी नावं कोणती? अस्थमा किंवा सीओपीडीचा अटॅक, तिथे प्रेडनिसोलोन ४० एमजी रोज, सीओपीडीला साधारण पाच दिवस, फ्लू आहे म्हणून हे अडवू नका, श्वासनलिका आवळलेली असताना हात आखडून काही मिळत नाही. सेप्टिक शॉक (इन्फेक्शनने बीपी कोसळणं) जो बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटाच्या वर चार तास जाऊनही बीपी धरत नाही, तिथे हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० एमजी, म्हणजे ५० एमजी दर सहा तासांनी. जो आधीपासून महिनोन्महिने स्टेरॉईड घेतोय, त्याचं बंद करू नका, उलट आजारपणाच्या हिशोबाने वाढवा, नाहीतर अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवणारी) बसेल. हिमोफॅगोसायटोसिस, म्हणजे ताप थांबत नाही, प्लेटलेट आणि बाकी पेशी पडतायत, फेरिटिन प्रचंड, ट्रायग्लिसराईड वर, फायब्रिनोजेन खाली, स्प्लीन मोठी. इथे खरोखर इम्युन सिस्टीम बेलगाम झालेली असते आणि डेक्सामेथासोनला जागा आहे, पण हिमॅटॉलॉजिस्टला बोलावून. आणि मुलांमधला फ्लूचा नेक्रोटायझिंग एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचा आजार), त्यावर पुढे.

या यादीत "फ्लूचा न्यूमोनिया" नाहीये हे लक्षात आलं असेल. कारण २०१९ च्या कोक्रेन रिव्ह्यूत (सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) स्टेरॉईड मिळालेल्या फ्लूच्या पेशंटमधे मृत्यूचे ऑड्स (शक्यतेचं प्रमाण) जवळपास चौपट (३.९) निघाले. आता इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर जास्त आजारी असतात त्यांनाच स्टेरॉईड मिळतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा स्टेरॉईडच्या डोक्यावर फोडता येत नाही. पण फायदा दाखवणारं तरी काही हातात आहे का, तर तेही नाही. डब्ल्यूएचओने सप्टेंबर २०२४ च्या गाईडलाईनमधे सिव्हिअर फ्लूला ओसेल्टामिवीर सुचवलंय आणि स्टेरॉईड नको असं सुचवलंय, दोन्ही कंडिशनल, म्हणजे पुरावा कच्चा आहे पण झुकाव स्पष्ट आहे. अमेरिकेच्या आयडीएसएने (इन्फेक्शनच्या तज्ज्ञांची संघटना) २०१८ मधे तेच म्हटलं होतं, दुसऱ्या कारणासाठी लागत असेल तरच द्या.

मग कोणीतरी केप कॉड ट्रायल पुढे करतं. २०२३, सिव्हिअर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोनने २८ दिवसांचे मृत्यू ११.९ वरून ६.२ टक्के. ट्रायल उत्तम आहे, पण त्यात फ्लूचे पेशंट घेतलेलेच नव्हते. अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून थांबलं की असं होतं.

राहिला तो करडा भाग, फ्लू आहे, एआरडीएस (दोन्ही फुफ्फुसांत पसरलेली गंभीर सूज) आहे, अँटीव्हायरल तीन-चार दिवस झालंय, बॅक्टेरिया-बुरशी शोधून झाली, पालथं झोपवून झालं, तरी ऑक्सिजन सुधारत नाही. इथे अनुभवी लोकांमधेही दोन तट आहेत. मी काय करतो ते सांगतो, हा नियम नाही: व्हायरस उतरतोय असं पीसीआरच्या सीटी व्हॅल्यूवरून (जितकी जास्त तितका व्हायरस कमी) दिसत असेल, बुरशीची टेस्ट खरंच केलेली असेल आणि टीममधला दुसरा सिनियरही तयार असेल तरच कमी डोसचा विचार, नाहीतर एक्मोची (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन घालणारं मशीन) टीम कुठे आहे ते आधी बघायचं. रिकव्हरी आणि रेमॅप-कॅप या दोन्ही मोठ्या ट्रायलनी फ्लूसाठी स्टेरॉईडचे भाग उघडले, कारण हा प्रश्न मतांवर सुटणारा नाही हे सगळ्यांना कळलंय. तुमच्या हॉस्पिटलात अशी ट्रायल चालू असेल तर पेशंटला त्यात घेणं हे करड्या भागातलं सगळ्यात स्वच्छ उत्तर आहे.

पायरी ५: बाकीची इम्युन औषधं, एकेक करून

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि नॅप्रोक्सेन (पेनकिलर). हाँगकाँगमधे २०१५ च्या एच३एन२ सीझनमधे २१७ अ‍ॅडमिट पेशंटवर हे करून बघितलं, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० एमजी, नॅप्रोक्सेन २०० एमजी, ओसेल्टामिवीर ७५ एमजी, तिन्ही दोनदा, दोन दिवस, मग नुसतं ओसेल्टामिवीर तीन दिवस. ३० दिवसांत मृत्यू ०.९ टक्के विरुद्ध ८.२ टक्के. आकडा बघून तोंडाला पाणी सुटतं, पण मृत्यू मोजून बघा, एक विरुद्ध नऊ. एकाच हॉस्पिटलचा अभ्यास आणि कोणाला काय देतोय ते सगळ्यांना माहीत. डब्ल्यूएचओ मॅक्रोलाईड (क्लॅरिथ्रोमायसिनचा गट) फ्लूसाठी म्हणून देऊ नका म्हणतं. मी स्वतः ज्याची किडनी ठीक नाही, बीपी खाली आहे, ईसीजीत क्यूटी लांब आहे, स्टॅटिन किंवा टॅक्रोलिमस (ट्रान्सप्लांटनंतरचं औषध) चालू आहे त्याच्या आसपासही ही जोडी फिरकू देत नाही, आणि आयसीयूतल्या पेशंटमधे यातलं काहीच नाही असा सापडणं कठीण. स्टेरॉईडबरोबर नॅप्रोक्सेन म्हणजे पोटातून रक्तस्रावाला आमंत्रणच.

सिरोलिमस (ट्रान्सप्लांटमधलं इम्युन सिस्टीम दाबणारं औषध). तैवानमधे ३८ व्हेंटिलेटरवरचे एच१एन१ पेशंट, २०१४. सगळ्यांना ओसेल्टामिवीर आणि स्टेरॉईड, निम्म्यांना वर सिरोलिमस २ एमजी रोज १४ दिवस. व्हेंटिलेटरचे दिवस मिडियन १५ वरून ७ वर आले. ३८ पेशंटवर मी घरचं फ्रीज पण निवडणार नाही. डब्ल्यूएचओचा याला पण नकार आहे.

टोसिलिझुमॅब, बॅरिसिटिनिब (दोन्ही संधिवातातली इम्युन औषधं). कोव्हिडमधे दोघांनी काम केलं, फ्लूमधे त्यांची जागा सध्या ट्रायलमधे आहे, वॉर्डात नाही. हिमोफॅगोसायटोसिसमधे किंवा मुलांच्या एन्सेफॅलोपॅथीत स्पेशालिस्ट देतात ती वेगळी गोष्ट. दिलंच कोणी तर एक लक्षात ठेवा, टोसिलिझुमॅबनंतर सीआरपी आठवडेच्या आठवडे खाली दाबलेला राहतो आणि तापही येत नाही, म्हणजे नवीन इन्फेक्शनचे तुमचे दोन्ही भोंगे बंद. आतड्याला भोक पडलं तरी पोट मऊ लागू शकतं.

प्लाझ्मा, आयव्हीआयजी (दान केलेल्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी). फ्लूच्या अँटीबॉडी भरपूर असलेलं प्लाझ्मा आणि हायपरइम्युन ग्लोब्युलिन, दोन्हीच्या चांगल्या ट्रायल २०१९ मधे आल्या, इन्फ्लुएंझा ए मधे फायदा दिसला नाही. विषय संपला.

उंदरांचं एक सांगतो कारण सगळ्या कॉम्बिनेशनच्या उत्साहाचं मूळ तिथे आहे. २००८ मधे एच५एन१ दिलेल्या उंदरांना ४८ तास उशिरा झानामिवीर दिलं तर १३.३ टक्के जगले, झानामिवीरबरोबर सेलेकॉक्सिब आणि मेसालाझिन (सूज कमी करणारी दोन औषधं) दिलं तर ५३.३ टक्के. कल्पना बरोबर आहे म्हणजे. पण त्याच कामात नुसती इम्युन औषधं अँटीव्हायरलशिवाय दिली तेव्हा उंदीर वाचले नाहीत, आणि कॉम्बिनेशनचं भाषण देणारे हा भाग सांगायला विसरतात.

पायरी ६: द्यायचं ठरलं तर घड्याळ आणि कॅलेंडर

आधी अँटीव्हायरल, मग दुसरं. शॉक किंवा अस्थमासारखी घाई असेल तर दोन्ही एकाच तासात, पण अँटीव्हायरलशिवाय इम्युन औषध कधीच नाही. करड्या भागात मी निदान ४८ तास अँटीव्हायरल आत गेल्याशिवाय हात लावत नाही.

सुरू करतानाच बंद करायची तारीख लिहा. स्टेरॉईड सुरू करायला एक माणूस लागतो, बंद करायला कोणीच पुढे येत नाही, राऊंडला प्रत्येकाला वाटतं आधीच्याने विचार केला असेल, आणि असं करत पेशंट तीन आठवडे स्टेरॉईडवर राहतो, हात-पाय लुळे होतात आणि व्हेंटिलेटर सुटत नाही.

रोज बघायचं ते: शुगर दर सहा तासांनी, कफाचा रंग, नवीन डाग, नवीन ताप किंवा कारण नसताना वाढलेलं नॉरअ‍ॅड. पाचव्या दिवशी आणि मग दर दोन-तीन दिवसांनी खालच्या नमुन्याचा पीसीआर, व्हायरस अजून असेल तर अँटीव्हायरल पुढे चालू. आयसोलेशनही तसंच लांबवा, स्टेरॉईडवरचा पेशंट जास्त दिवस व्हायरस सोडतो, पाच दिवस झाले म्हणून जनरल वॉर्डात हलवला की शेजारच्या पलंगाला फ्लू. बुरशी सापडली आणि व्होरिकोनाझोल सुरू केलं तर टॅक्रोलिमस, सिरोलिमस, मिडाझोलाम सगळ्यांचे डोस परत बघावे लागतात, व्होरिकोनाझोल त्यांना लिव्हरमधे अडवतं आणि लेव्हल चढते.

ताबडतोब थांबून फेरविचार कधी? ४८ ते ७२ तासांत काही फरक नाही, कल्चर पॉझिटिव्ह आलं, गॅलॅक्टोमॅनन पॉझिटिव्ह आलं, किंवा पोट फुगलं. तेव्हा डोस वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, पायरी ३ ला परत जा. शॉकमधे हायड्रोकॉर्टिसोन असेल तर ते मात्र एकदम तोडू नका, बीपीचं औषध सुटलं की मग उतरवा.

मुलं, गरोदर बाई, ट्रान्सप्लांट

मुलांना फ्लूमधे अ‍ॅस्पिरिन नको, राय सिंड्रोम (मेंदू आणि लिव्हर बिघडवणारा आजार) होऊ शकतो, आधीपासून हार्टसाठी चालू असेल तर बालरोगतज्ज्ञाला लगेच विचारा. फ्लूचा ताप आणि काही तासांत फिट, बेशुद्धी, एमआरआयमधे दोन्ही थॅलॅमस सुजलेले, हा नेक्रोटायझिंग एन्सेफॅलोपॅथी. इथे मात्र मी वर जे सगळं हळू-हळू सांगितलं ते उलट आहे: ओसेल्टामिवीर द्या आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ३० एमजी प्रति किलो, जास्तीत जास्त १ ग्रॅम, रोज ३ ते ५ दिवस, पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर मूल जास्त चांगलं निघतं असं जपानच्या अनुभवातून दिसलंय. इथे वाट बघायची नाही.

गरोदर बाईला ओसेल्टामिवीर पूर्ण डोसमधे द्या, बॅलोक्साव्हिर नको. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमधे इम्युन औषध जोडायचा प्रश्नच बहुधा उलटा असतो, मायकोफिनोलेट (आधीपासून चालू असलेलं इम्युन दाबणारं औषध) कमी करायचं का, हे ट्रान्सप्लांट टीमला विचारून.

नातेवाईकांनी काय विचारायचं

डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका, पण चार प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अँटीव्हायरल कधी सुरू झालं? स्टेरॉईड चालू आहे का आणि कशासाठी? ते कोणत्या दिवशी बंद होणार? बॅक्टेरिया आणि बुरशीची तपासणी झाली का? पेशंट आधीपासून जी औषधं घेतो, विशेषतः स्टेरॉईडच्या गोळ्या, संधिवाताची इंजेक्शनं, आयुर्वेदिक म्हणून दिलेल्या पुड्या (त्यात कधीकधी स्टेरॉईड असतं), ती सगळी पिशवीसकट घेऊन जा. जुना टीबी, हिपॅटायटिस, अल्सर लपवू नका.

डिस्चार्जच्या वेळी कार्डावर स्टेरॉईड उरलं असेल तर रोज किती आणि कधी शून्य, हे लिहून घ्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर एकदम बंद करू नका, आणि पुढचे काही महिने कुठेही ऑपरेशन किंवा मोठं आजारपण आलं तर "मला इतके दिवस स्टेरॉईड दिलं होतं" हे त्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा.